हाडातला हात

सुनेत्रा मगदूमनं सोमवारी सकाळी एका कागदावर जी खूण लिहिली, तिच्यामुळे दुपारी चारच्या आत जयसिंगपूरच्या एका सुनेला पोलिसांनी चौकशीसाठी नेलं.

तोवर सुनेत्राला आपल्या कामाची कधी भीती वाटली नव्हती. मिरजेतल्या एका अस्थिरुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर तिचं टेबल होतं. आसपासच्या जिल्ह्यांतल्या बारा रुग्णालयांचे कागद त्या टेबलावर यायचे आणि डॉक्टरांनी लिहिलेलं सगळं ती अक्षर-आकड्यांच्या खुणांत उतरवायची. दंडाचं हाड मोडलं की एस बेचाळीस. खांद्याजवळ मोडलं तर पुढे दोन, मधल्या दांड्यात मोडलं तर तीन. आडवं तुटलं, तिरकं तुटलं की पिळवटून तुटलं, त्याचा पुढचा आकडा. उजवा की डावा, त्याचा त्यापुढचा. आणि सगळ्यात शेवटी एक अक्षर. उपचार नुकता सुरू झाला असेल तर ए, हाड भरून येत असेल तर डी, आणि भरून येऊनही मागे काही उरलं असेल तर एस. सतरा वर्षं तिनं हेच केलं होतं. लोक नावांनी ओळखतात तशी ती माणसं दंडांनी ओळखायची.

हाडाच्या खुणेखाली आणखी एक खूण असते, कारणाची. हाड कशानं मोडलं? पूर्वी रुग्ण सांगेल ते कारण. म्हातारी माणसं बहुधा ‘पडले’ म्हणायची आणि सुनेत्रा पडल्याची खूण लिहायची. चार वर्षांपूर्वी अस्थिलेख हे यंत्र आलं आणि रुग्णाला विचारायची गरजच उरली नाही.

हाड म्हणजे काही वाळकी काठी नव्हे. त्यात लवचीक तंतू असतात आणि त्या तंतूंत खनिजाचे अतिसूक्ष्म कण बसवलेले असतात. हाडावर दाब पडला की त्यात क्षीण वीज निर्माण होते. ज्या दिशेनं दाब येतो त्या दिशेला हे कण किंचित वळतात. हाड मोडतं त्या क्षणी तर मोडीच्या दोन्ही कडांचे कण वाऱ्यानं झोपलेल्या गवतासारखे एका बाजूला कलंडतात आणि तसेच राहतात. पुढे हाड जुळतं, पण तेही त्या कलंडलेल्या कडा धरूनच. अस्थिलेख हे कण वाचायचा आणि उलटं गणित करून सांगायचा, की जोर कुठून आला, किती आला, किती वेळ टिकला. आपटण्याचा जोर एकदाच येतो आणि क्षणात संपतो. पिळण्याचा जोर चढत जातो. कुणी दंड धरला असेल तर बोटांच्या जागासुद्धा हाडाच्या वरच्या आवरणावर उमटतात. यंत्र त्यांचं चित्र काढायचं, राखाडी दंडावर तांबडे ठिपके.

पद्मावती बिरनाळे, वय सत्त्याहत्तर. उजव्या दंडाचा मधला दांडा पिळवटून मोडलेला. जबानी: न्हाणीत पाय घसरून पडले. अस्थिलेख: एका हाताची पकड, पाऊण सेकंदाची मुरड.

सुनेत्रानं कारणाच्या जागी ‘दुसऱ्या माणसाच्या हातून इजा’ ही खूण घातली. नियमच होता तसा. ही खूण पडली की सूचना आपोआप पोलिसांकडे जायची.

मंगळवारी सकाळी ती जिना चढत होती तेव्हा वळणावरच्या बाकावर एक बाई डबा मांडीवर घेऊन बसली होती. पस्तिशीची असेल. डोळे सुजलेले.

“तुम्ही सुनेत्रा मगदूम का? कागदाच्या खाली तुमचं नाव होतं,” ती म्हणाली. “मी शिल्पा बिरनाळे. सासूबाई आत आहेत. मला आत सोडत नाहीत.”

सुनेत्रा थांबली.

“माझं नाव लिहिलंत का तुम्ही?”

“आम्ही नाव लिहीत नाही. दुसऱ्या माणसाचा हात, एवढंच लिहितो.”

“घरात दुसरं माणूस मी एकटीच आहे, मॅडम,” शिल्पा म्हणाली. “आमचे हे दुबईला असतात. मी हात नाही लावला त्यांना. कुणाची शपथ घेऊ सांगा.”

सुनेत्रा वर गेली. शपथा तिनं खूप ऐकल्या होत्या. तरीही तिनं तो दंड पुन्हा पडद्यावर आणला, कारण कालपासून तिच्या डोक्यात वेगळंच काहीतरी घोळत होतं. चार बोटं दंडाच्या बाहेरून. अंगठा आतून, थेट काखेजवळ, वरच्या दिशेनं रेटलेला. सगळ्यात जास्त दाब अनामिकेचा. करंगळी जेमतेम टेकलेली. अशी विचित्र पकड तिनं आधी कुठेतरी पाहिली होती.

तिनं गेल्या वर्षाचे दंड काढायला सुरुवात केली. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा तिच्यासमोर अकरा चित्रं होती. कऱ्हाडचा एक निवृत्त शिक्षक, बार्शीची एक आजी, विट्याच्या दोघी बहिणी, चिकोडीचा एक शिंपी. सगळे सत्तरीच्या पुढचे, सगळ्यांची जबानी ‘पडलो’. तिनं चित्रं एकावर एक ठेवली. अकरा दंडांचे पंचावन्न ठिपके पाच ठिपक्यांत मिटले.

एकच हात होता.

सुनेत्रानं स्वतःच्या हाताची बोटं त्या ठिपक्यांवर ठेवून पाहिली. ती बसली नाहीत. मात्र तिच्या डाव्या दंडावर सरसरून काटा आला. दुसऱ्या कुठेही नाही, फक्त दंडावर.

तिनं डॉ. इर्शाद पटवेगारांना खाली बोलावलं. हाडांचे डॉक्टर, बोलायला तुटक, पण पडद्यासमोर ते बराच वेळ उभे राहिले.

“कऱ्हाड, बार्शी, चिकोडी,” ते म्हणाले. “हा कोण माणूस गावोगाव म्हाताऱ्यांचे दंड पिळत फिरतोय?”

“एखादी फिरती परिचारिका?”

“चला, आजींनाच विचारू.”

पद्मावतीबाई खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. दंडाला प्लास्टिकची घट्ट पट्टी, हात गळ्यातल्या झोळीत. त्या वयाच्या हाडात स्क्रू धरणार नाहीत म्हणून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया टाळली होती. बारा आठवडे पट्टी, आणि हात लोंबता ठेवायचा, म्हणजे त्याच्याच वजनानं हाड सरळ राहतं.

“आजी, अंगठा वर करा बघू.”

अंगठा हलला नाही. मनगटही वाळल्या पानासारखं लोंबत होतं.

“या हाडाला वेढा घालून एक नस जाते, ती दुखावलीय,” डॉक्टर म्हणाले. “येईल ताकद, पण तीन-चार महिने लागतील. आजी, खरं सांगा. कुणी धरलं होतं?”

“पडले म्हटलं की मी.”

सुनेत्रा त्यांच्या उशाशी बसली. “आजी, तुमच्या सूनबाईंना पोलिसांनी नेलं होतं काल. आज बाहेर बसल्यात, डबा घेऊन.”

म्हातारीचा चेहरा बदलला. “शिल्पाला? तिला कशाला? सून हात कशाला लावंल?” मग हळूच म्हणाली, “सून हातच लावत न्हाई, बाई. चांगली हाय, जेवायला घालती, औषध देती. पर म्हाताऱ्या माणसाला हात कोण लावतंय?”

“मग?”

पद्मावतीबाईंनी दरवाजाकडं बघून घेतलं. “तिला न्यायचं न्हाई, असं वचन देत असशील तर सांगते.”

“कुणाला?”

“मावशीला.”

मावशी म्हणजे काय ते सुनेत्राला विचारावं लागलं नाही. तिच्याही घरी होती.

पुण्याच्या एका कंपनीनं पाच वर्षांपूर्वी ते यंत्र काढलं होतं. खाटेच्या वर छताला एक रूळ, त्यावर सरकणारे दोन मऊ हात, माणसाच्या कातडीइतके उबदार. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठवायचं, कुशीवर वळवायचं, खुर्चीत बसवायचं. ना तोंड, ना आवाज. लोकांनी आपणहून त्याला मावशी म्हणायला सुरुवात केली होती.

“मला उठायचं नव्हतं त्या दिवशी,” पद्मावतीबाई सांगत होत्या. “अंग जड झालं हुतं. तिनं धरलं, मी अंग चोरलं. पुन्हा धरलं, पुन्हा चोरलं. तिसऱ्या खेपेला तिनं हात असा मुरगळला, आणि कट्कन आवाज आला.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ओठांवर हसूही होतं. “मग लगेच डोक्यावरनं हात फिरवला माझ्या. लई वेळ. कपाळापास्नं मागं, कानामागं जाऊन थांबायचा, पुन्हा कपाळापास्नं. आमचे मालक गेल्यापास्नं मला असं कुणी कुरवाळलं न्हवतं. तिला न्यायचं न्हाई हां.”

डॉक्टर काहीतरी लिहून घेत होते. सुनेत्रा उठली आणि घरी निघाली.

तिला घाईनं घरी जावंसं वाटलं त्याला कारण होतं. त्या यंत्राला हात कुणी दिला होता, ते मिरजेत सगळ्यांना माहीत होतं. तिच्या आईनं.

विजयमाला मगदूम, म्हणजे माला सिस्टर. चौतीस वर्षं वॉर्डात काढलेली परिचारिका. तिच्या हाताखालच्या एकाही रुग्णाच्या पाठीला कधी जखम झाली नाही, अशी ख्याती. यंत्राला माणूस उचलायला शिकवायचं तर सगळ्यात कुशल हात हवा, म्हणून कंपनीचे लोक तिच्याकडे आले होते. चौदा महिने ती जाणिवा टिपणारे हातमोजे घालून काम करत होती. कुठे किती दाब, कधी सैल, कधी घट्ट, सगळं यंत्रात उतरलं. यंत्र बाजारात यायच्या आधी ती गेली. कंपनीनं मानानं पहिल्या काही यंत्रांतलं एक तिच्या घरी बसवलं. तिचा नवरा, सुनेत्राचे आण्णा, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले होते, त्यांच्यासाठी.

ती घरात शिरली तेव्हा आण्णांच्या दुपारच्या उठण्याची वेळ झाली होती. आण्णा रेल्वेत सिग्नल विभागात होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी घड्याळाकडे बघण्याची सवय गेली नव्हती.

रूळ घुमला. हात खाली आले. ही गोष्ट सुनेत्रानं हजार वेळा पाहिली असेल, पण आज ती दाराशीच थांबली आणि पहिल्यांदा हाताकडे न बघता आण्णांकडे बघू लागली. हात अंगाला लागायच्या आधीच आण्णांनी डोळे मिटले. खांदे पडले, मान पडली. सारं अंग पाण्यात सोडलेल्या कापडासारखं सैल झालं. मग हातांनी त्यांना अलगद उचललं आणि खुर्चीत ठेवलं.

“आलीस लवकर?” आण्णांनी विचारलं.

“आण्णा, खुर्ची जरा पलीकडे घेते.” तिनं खुर्ची भिंतीशी नेली. मग ती आण्णांच्या अंथरुणावर जाऊन आडवी झाली आणि कठड्यावरचं उठवण्याचं बटण दाबलं.

“काय करतेस, सुनू?”

यंत्राला अंथरुणातलं माणूस तेवढं कळायचं, कोण ते नाही. हात खाली आला. दंडाला उबदार, मऊ स्पर्श झाला. सुनेत्रानं अंग आखडलं. हात मागे सरला, जरा थांबला, पुन्हा आला. तिनं पुन्हा दंड शरीराला घट्ट आवळून धरला. हात पुन्हा मागे सरला. या वेळी तो जास्त वेळ थांबला. खोलीत रुळाची बारीक घरघर तेवढी चालू होती.

“सुनू!” आण्णा ओरडले. अर्धं तोंड वाकडं झालेलं, शब्द लडबडले, पण स्पष्ट ऐकू आले. “तिसऱ्यांदा नको म्हणू नकोस! सैल सोड! सैल सोड!”

तिनं सोडलं नाही. अंगठा आतून काखेजवळ सरकला. अनामिका रुतली. सुनेत्राच्या तोंडून किंकाळी निघाली आणि तिनं दुसऱ्या हातानं थांबवण्याचं लाल बटण दाबलं. मुरड अर्ध्यावर थांबली. दंड ठणकत होता, पण हाड शाबूत होतं.

ती उठायला गेली. तेवढ्यात तो हात तिच्या कपाळावर आला. लाल बटणानं ओढणं थांबायचं, हे थांबायचं नाही. कपाळापासून मागे केसांवरून, कानामागे जरा थांबून पुन्हा कपाळापासून. सुनेत्रा एक्केचाळीस वर्षांची होती. ती लहान मुलासारखी निश्चल पडून राहिली आणि हात थांबेपर्यंत तिला उठताच आलं नाही.

नंतर तिनं आण्णांपुढे पाण्याचा पेला धरला.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“होतं.”

“कधीपासून?”

“लग्न झाल्यापासून.” ते खिडकीबाहेर बघत बोलले. “तुझी आई वाईट नव्हती, बाळ. एका पाळीला चाळीस रोगी, बाई एक. एकाला उचलायला मिनिटभर मिळायचं. नको म्हणणाऱ्याला समजावत बसायला वेळ कुठला? दोनदा ऐकून घ्यायची. हातानं आपला मार्ग काढला. मग घरी आली तरी हात तोच. तिला स्वतःला कळायचं नाही, आणि कळलं की कुरवाळत बसायची.”

“आणि तुम्ही?”

“मी सैल सोडायला शिकलो.”

“मग हे यंत्र घरात का येऊ दिलंत?”

“तिचा हात होता गं तो,” ते म्हणाले. “जसा होता तसा.”

सुनेत्राकडून सगळं कळल्यावर त्या आठवड्यात डॉ. पटवेगारांनी कंपनीला पत्र पाठवलं. चार दिवसांत उत्तर आलं. यंत्राच्या नोंदीत एकाही रुग्णाबाबत गैर जोर आढळत नाही. शिवाय यंत्राचा हात कुणा एका व्यक्तीचा नसून शेकडो सेवाभावी हातांची सरासरी आहे. त्यामुळे अकरा दंडांवर एकच पकड आहे म्हणून ती यंत्राची ठरत नाही.

“नोंदीत दिसणारच नाही,” डॉक्टर म्हणाले. “यंत्राला तुमच्या आईचं सगळंच काम उत्तम म्हणून शिकवलंय. मुरडसुद्धा. त्याच्या लेखी तो काळजी घेण्याचाच भाग. वॉर्डात तरणी माणसं होती, त्यांना कळ आली असेल आणि गेली असेल. या म्हाताऱ्यांची हाडं पोकळ झालीत, ती तुटतात.” त्यांनी चष्मा पुसला. “पण हा एकाच बाईचा हात आहे हे दाखवायचं कसं? तुमच्या आईला जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची पकड दाखवणार कुठून? आणि ते दाखवल्याशिवाय ती बिरनाळ्यांची सून सुटत नाही. परवा तिला पुन्हा बोलावलंय.”

सुनेत्रानं हे आण्णांना सांगितलं. आण्णांनी घास खाली ठेवला.

“तुझ्या हाताला विचार,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“आठ वर्षांची होतीस. डावा दंड मोडला होता.”

“झोपाळ्यावरून पडले होते मी. कुरुंदवाडला, आत्याकडे.”

“असं आम्ही सांगितलं. सगळ्यांना, आणि तुलाही. तूही पुढे तेच सांगायला लागलीस.” ते तिच्याकडे बघत नव्हते. “तुला शाळेत जायचं नव्हतं त्या दिवशी.”

सुनेत्राला तो झोपाळा आठवत होता. त्याच्या कड्यांचा आवाज, अंगणातली कर्दळ, पडताना दिसलेलं आभाळ. सगळं लख्ख आठवत होतं, आणि यातलं काहीही घडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तिनं अस्थिलेखाच्या नळीत डावा हात घातला.

“फार आशा ठेवू नका,” डॉक्टर म्हणाले. “मूल वाढतं तसं हाड स्वतःला नव्यानं घडवतं. लहानपणची मोड बहुतेक पुसली जाते. तेहतीस वर्षं झालीत.”

यंत्राला वीस मिनिटं लागली. आधी पडद्यावर फक्त राखाडी दंड होता, कुठे काही नाही. सुनेत्राला सुटल्यासारखं वाटलं. मग हाडाच्या अगदी आतल्या थरात, फिकट, जवळजवळ नसल्यासारखे ठिपके यायला लागले. वाढत्या हाडानं ते ताणून लांब केले होते. यंत्रानं ते ताण वजा केले, दंड आकसत आकसत आठ वर्षांच्या मुलीचा झाला आणि ठिपके जागेवर आले. चार बाहेरून. एक आतून, काखेजवळ.

डॉक्टरांनी अकरा चित्रं त्यावर ठेवली. ठिपक्यांवर ठिपके बसले.

“याचा कागद करावा लागेल,” ते म्हणाले. “खूण दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ का, सुनेत्राताई?”

“नको. मीच लिहिते.”

तिनं आपल्या टेबलावर बसून लिहिलं. एस बेचाळीस, तीन, पिळवटलेली मोड, डावा. शेवटच्या अक्षरापाशी ती क्षणभर थांबली. मग एस लिहिलं. मागे काही उरलं आहे. पुढे कारणाची खूण, आणि तिच्याखाली इजा करणाऱ्याचं नातं. त्यासाठी यादी होती. बाप, आई, भाऊ, सावत्र बाप, नवरा, शिक्षक, सेविका. हजारो वेळा डोळ्यांखालून गेलेली यादी. तिनं बोट खाली सरकवलं आणि ‘जन्मदात्री आई’ यावर टेकवलं. मग पद्मावती बिरनाळेंचा कागद काढला, जुनी खूण खोडली आणि ‘उपकरणापासून इजा’ अशी नवी घातली.

संध्याकाळी शिल्पाचा फोन आला. आता यायची गरज नाही, असं पोलिसांनी तिला कळवलं होतं. ती रडत होती, आभार मानत होती. सुनेत्रा “असू दे, असू दे” म्हणत राहिली.

पुढे गोष्टी भराभर घडल्या. चौकशी बसली. राज्यभरातले मोडलेले दंड पुन्हा वाचले गेले आणि त्यातल्या दोनशे बारांवर तोच हात निघाला. गावातल्या परिचर्या विद्यालयानं एका सभागृहाला माला सिस्टरचं नाव दिलं होतं, ती पाटी उतरली. कंपनीनं चूक कबूल केली आणि सगळ्या यंत्रांतून ती मुरड काढून टाकली.

मुरड गेली, आणि त्याबरोबर कुरवाळणंही गेलं.

कंपनीच्या अभियंत्यांनी खूप प्रयत्न केले, पण ते वेगळं होईना. यंत्राला धडे सुटेसुटे दिलेच नव्हते. त्यानं एक अख्खा हात शिकून घेतला होता, आणि त्या हातात दोन्ही एकाच गाठीनं बांधलेलं होतं. एक ओढलं की दुसरं सुटून यायचं. आता मावशी माणसाला फक्त उचलायची आणि ठेवायची.

मग पत्रं यायला लागली. थरथरत्या अक्षरातली, काही नातवंडांकडून लिहून घेतलेली. चार हजारांवर गेली. जुना हात परत द्या. कऱ्हाडच्या त्या शिक्षकानं लिहिलं होतं, माझा दुसरा दंड अजून धड आहे, मोडला तर मोडू दे. पद्मावतीबाई घरी गेल्या, पण शिल्पाशी बोलेनात. हात हळूहळू सुधारत होता, अंगठा वर व्हायला लागला होता. त्या दिवसभर रुळाकडे बघत पडायच्या, असं शिल्पानं कळवलं.

नवा हात पहिल्यांदा आण्णांना उचलायला आला त्या सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले. मग उघडले.

“ही कोण?” त्यांनी विचारलं.

“मावशीच आहे, आण्णा.”

“नाही. माला गेली.” आणि सहा वर्षांपूर्वी स्मशानातून परतताना जे रडले नव्हते, ते आण्णा आता रडायला लागले. पुढचे दोन दिवस त्यांनी यंत्राला अंगाशी येऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सुनेत्रानं रूळ बंद केला.

“उद्यापासून मी उठवते,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती त्यांच्या खाटेपाशी उभी राहिली. तिनं हात पुढे केले मात्र, आण्णांचे डोळे मिटले, खांदे पडले, मान पडली. तिचा हात अजून त्यांच्यापासून वीतभर लांब होता.

ती तशीच थांबली. मग हात मागे घेऊन खाटेच्या कडेला बसली.

“आण्णा, नको म्हणा.”

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“उठायचंय का तुम्हाला? नसेल उठायचं तर नको म्हणा की.”

पलीकडच्या गल्लीतून मिरज जंक्शनकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी आली आणि विरली. बऱ्याच वेळानं आण्णांचे ओठ हलले.

“नको.”

“बरं,” सुनेत्रा म्हणाली आणि बसून राहिली.

आण्णांनी एक डोळा उघडून तिच्या हातांकडे पाहिलं. हात तिच्या मांडीत होते. “नको,” ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. आणि मग त्यांचं सगळं अंग कापायला लागलं. चांगल्या हातानं त्यांनी आपला लुळा दंड गच्च धरला आणि घाईघाईनं म्हणाले, “उठतो, उठतो. उठव मला.”

तिनं त्यांना उठवलं. तिला ते नीट जमलं नाही. त्यांचा पाय चादरीत अडकला, खुर्ची सरकली.

तिसऱ्यांदा नको म्हणायला आण्णांना एकवीस दिवस लागले. म्हणून झाल्यावर ते डोळे गच्च मिटून वाट बघत राहिले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. काहीच झालं नाही, तेव्हा त्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं आणि ते झोपी गेले. सुनेत्रानं कार्यालयात येत नसल्याचं कळवलं आणि दुपार होईपर्यंत ती त्यांच्याशेजारी बसून राहिली, दोन्ही हात मांडीत धरून, त्यांना कुठेही न लावता.